मागाकडची खिडकी

मी लहान मुलांच्या खोल्या आखते. बालवाड्या, शाळांचे शिशुवर्ग, दवाखान्यातला खेळायचा कोपरा, असलं काम. कोल्हापुरात हा धंदा सांगितला की माणसं आधी हसतात. मंगळवार पेठेतल्या माझ्या शेजाऱ्यानं तर तोंडावरच विचारलं होतं, "पोरांस्नी खेळायला डिझाईन कशाला लागतंय? आम्ही मातीत लोळूनच मोठं झालो की!" मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि आमच्या दोघांच्या गाड्या एकाच बोळात लागतात.

स्वभावाचं आधीच सांगून टाकते. राग माझ्या नाकावर असतो, आणि माझ्या कामात कुणी चूक काढली की तो तिथून जिभेवर उतरतो. मुलांसाठी काम करते म्हणून लोक मला मायाळू समजतात. मुलांच्या बाबतीत मी आहेही मायाळू. मोठ्यांच्या बाबतीत खात्री देत नाही.

तर इचलकरंजीहून एका बालवाडीच्या बाईंचा फोन आला. चाळिशीच्या बाई, आवाज खणखणीत, बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांची बालवाडी एका भाड्याच्या खोलीत चालायची. आता एका कारखानदारांनी त्यांना आपलं सुताचं जुनं गोदाम देऊ केलं होतं. ते जैन घराणं तीन पिढ्या कापडाच्या धंद्यात होतं, आणि या कारखानदारांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. बाई म्हणाल्या, "गोदाम म्हंजे नुसत्या चार भिंती हायत म्याडम. तुम्ही येऊन बघा. पण लवकर या."

लवकर का, ते गेल्यावर कळलं. अण्णांच्या कारखान्यात बायका कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे यंत्रमागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती छोटी नळी. तिच्यावर मशीननं सूत गुंडाळावं लागतं. या बायकांची पोरं त्यांच्या पायाशीच असायची. महिन्याभरापूर्वी त्यातल्या एकाचं बोट मशीनच्या पट्ट्यात सापडलं. बोट वाचलं, पण अण्णा हादरले. त्यांनी सांगून टाकलं, बालवाडी सुरू झाली की कारखान्यात एकही पोर दिसता कामा नये.

त्यांनी मला माग दाखवायला आत नेलं. मागांचा खडखडाट मी लांबून पुष्कळदा ऐकला होता, पण दाराच्या आत पाऊल टाकल्यावर माझ्या छातीचं हाड वाजायला लागलं. अण्णा माझ्या कानाशी तोंड आणून ओरडत होते आणि मला फक्त त्यांच्या मिशा हलताना दिसत होत्या. हवेत कापसाचा तूस उडत होता. कोपऱ्यात कांडी मशीनजवळ एक लोखंडी खांब होता आणि त्या खांबाला एक मुलगी बांधलेली होती.

पावणेतीन-तीन वर्षांची असेल. कमरेला जुन्या साडीची पट्टी, पट्टीचं दुसरं टोक खांबाला. पाच-सहा हात अंतरावर तिची आई मशीनवर उभी. मुलगी फरशीवर बसून रिकाम्या कांड्या एकापुढे एक लावत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तक्रार नव्हती. पाणी आलं ते माझ्या डोळ्यांत, आणि त्याबरोबर संताप. जेवणाच्या सुट्टीत तिची आई बाहेर आली तेव्हा मी तिला विचारलंच, "अगं, लेकराला असं बांधतात का?"

तिशीच्या आतली पोर होती ती. सीमेपलीकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, मराठी बोलायची पण मध्येच कानडी शब्द यायचा. केसांत तूस अडकलेला. ती शांतपणे म्हणाली, "न्हाय बांधलं तर पट्ट्यात जाईल की म्याडम." नवरा दुसऱ्या कारखान्यात रात्रपाळीला होता. तो दिवसा झोपायचा. तीन महिन्यांची असल्यापासून मुलगी त्या खांबाशीच होती.

परत येताना मी बाईंना म्हटलं, "बाकी सगळं नंतर. आधी हा आवाज बंद करायचा."

यात माझं काही चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. सततच्या आवाजात मुलांचे कान जातात, बोलणं मागं पडतं. पण मी जिद्दीला पेटले हे खरं. गोदामाची एकुलती एक खिडकी अंगण ओलांडून थेट मागांकडे उघडायची. ती मी विटांनी बुजवून टाकली. उजेडासाठी मागच्या बाजूला, कडुनिंबाकडे, दोन नव्या खिडक्या काढल्या. दाराच्या आत दुसरं दार बसवलं, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत मुलांनी चपला काढून ठेवायच्या असं ठरवलं. तरीही आवाज यायचाच, तेव्हा भिंतींना वाकळा लावल्या. कारखान्यातल्या बायकांनी आपापल्या घरातल्या जुन्या वाकळा आणून दिल्या. लुगड्यांचे, धोतरांचे, शर्टांचे तुकडे जोडलेल्या त्या जाड वाकळांनी उरलेला आवाज गिळून टाकला. माझ्या डोक्यातून निघालेली ही युक्ती मला इतकी आवडली की आठवडाभर मी ती भेटेल त्याला सांगत होते.

बाकीचं कामही मन लावून केलं. खेळणी ठेवायच्या फळ्या मुलांच्या गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे मागावं लागू नये, घेता यावं. एका कोपऱ्यात वाळूचा हौद. रिकाम्या कांड्या रंगवून त्यांच्या दोन टोपल्या. सुतारमामांनी लहान चढ-उताराचा एक पूल केला, त्याच्याखाली दोघांना लपता येईल एवढी जागा ठेवली. अण्णा येऊन त्या पुलाखाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, "आमचंच वय झालंय, न्हायतर आम्हीच इथं नाव घातलं असतं."

पहिल्या दिवशी मी दोन्ही दारं लावून घेतली आणि अण्णांना म्हटलं, "ऐका." त्यांनी ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. अण्णा म्हणाले, "आयला! माग बंद पडल्यागत वाटतंय की." मी फुशारून गेले. हे कौतुक आहे असंच मी धरलं.

मुलं आली आणि पहिली गंमत झाली. ती बोलत नव्हती, ओरडत होती. घरात, गल्लीत, सगळीकडे आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. "बाई, मला पाणी!" हे वाक्य पार कडुनिंबापर्यंत पोचायचं. बाई स्वतःही तशाच. त्या मुलांना "हळू बोला!" असं इतक्या मोठ्यानं सांगायच्या की एकदोघं दचकून रडायला लागायची. मी हसून बेजार झाले. आठवडाभरात थोडाफार फरक पडला, निदान मुलांमध्ये.

पहिले दोन-तीन दिवस सगळीच रडतात, ते ठरलेलं असतं. कारखान्यात वाढलेली आणखी तीन मुलं होती, पण त्यांच्याबरोबर मोठी भावंडं असल्यानं ती रुळली. रुळली नाही ती फक्त खांबाशी बसणारी मुलगी.

तिचं रडणंही वेगळं होतं. आई सोडून जाताना ती रडायची नाही. हात हलवायची, आत यायची. दुसरं दार बंद झालं की मात्र जागच्या जागी थांबायची. थोडा वेळ मान वाकडी करून उभी राहायची. मग मधल्या जागेत जाऊन आपल्या चपला शोधायची, पायात घालायची आणि दाराकडे तोंड करून उभी राहायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि मग जे रडू फुटायचं ते थांबायचं नाव नाही. रडता रडता अंग कडक व्हायचं, कधी उलटी व्हायची. बाई तिला कडेवर घेऊन फिरायच्या, मला बघून मान हलवायच्या. तिसऱ्या दिवसापासून आईला मशीन सोडून यावं लागायला लागलं.

मी आठवड्यातून तीनदा कोल्हापूरहून जायला लागले. वाळूचा हौद दारापासून लांब हलवला, पूल जवळ आणला. एक झोपाळा टांगला. तिला आवडतात म्हणून कांड्यांची टोपली तिच्या समोर ठेवली. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या खोलीचा फोटो काढून मी ओळखीच्या सगळ्यांना पाठवला होता. त्यात उजव्या कडेला दाराशी ही उभी होती, रडून तोंड सुजलेलं. पाठवण्याआधी मी तेवढा तुकडा कापून टाकला. हे लिहिताना लाज वाटते, पण कापला होता.

मग मी तेच केलं जे माझ्यासारखी माणसं करतात. दोष दुसऱ्यात शोधला. तिच्या आईला म्हटलं, "तू सारखी कडेवर घेऊन सवय लावून ठेवलीस."

तिनं माझ्याकडे बघितलं. "कडेवर कवा घेऊ म्याडम? दोनी हात सुतात असत्यात."

तीच पुढं म्हणाली, "रविवारी गावाकडं सोडून येते तिला. माझी अव्वा सांभाळंल. अण्णा चांगली हायत, पन रोज मशीन बंद ठेवून कसं चालंल? दुसऱ्या बाईला घेत्याल." अव्वा म्हणजे आई, मुलगीही हिला अव्वाच म्हणायची.

"आणि परत कधी आणशील?"

"शाळंच्या वयाची झाली की." म्हणजे तीन वर्षं. "दिवाळीला जातो की आम्ही. यल्लम्माच्या जत्रंला बी जमलं तर जातो." हे सांगताना ती पदराच्या टोकानं मुलीचं नाक पुसत होती, आणि पुसून झालं तरी पुसतच राहिली. बाई दुसरीकडे बघायला लागल्या. मला स्वतःच्या त्या सुंदर भिंती लाथ मारून पाडाव्याशा वाटल्या. पण काय चुकतंय हे कळत नव्हतं, आणि न कळता पाडून उपयोग नव्हता.

गुरुवारी मुलगी इतकी रडली की तिचे ओठ निळसर दिसायला लागले. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईनं अण्णांना हात जोडले, आजच्या दिवस राहू द्या, रविवारी नेतेच आहे. अण्णांनी मान हलवली. आई मुलीला घेऊन कारखान्यात निघाली आणि मीही मागोमाग गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. खोलीत बसवेना, एवढंच.

आईनं मुलीला खांबाशी ठेवलं, पट्टी बांधली आणि मशीनवर गेली. मी एक रिकामा खोका उलटा करून शेजारी बसले. तो भयंकर खडखडाट सुरूच होता. मुलीनं दोन हुंदके दिले, चपला काढून खांबाशी नीट लावून ठेवल्या, आणि खाली बसून कांड्या रचायला घेतल्या. एक, दोन, तीन. माझ्याकडे बघून तिनं एक कांडी माझ्या हातात दिली. मी चिडले होते की रडवेली झाले होते, माहीत नाही. एवढं सगळं करून शेवटी हिला हाच नरक बरा वाटतो का, असं मनात आलं.

तासाभरानं लाईट गेली.

माग एकदम थांबत नाहीत. शेवटचे दोन-चार खटके टाकतात आणि मग बसतात. मशीन थांबलं, पंखे थांबले. शांतता झाली तशी मुलगी उठली. हातातली कांडी खाली ठेवली. चपला घातल्या, डाव्या पायात उजवी, आणि मशीनकडे तोंड करून उभी राहिली. तिची आई हात झटकत आलीच. गाठ सोडली, लेकीला उचलून घेतलं, आणि दोघी बाहेर अंगणात हवेला गेल्या.

मी धावत मागे गेले. "अगं, ती चपला घालून उभी का राहिली?"

आईला प्रश्नच कळला नाही. "मी येनार म्हनून की."

"तिला कसं कळलं तू येणार ते?"

"माग थांबला न्हवं का?" ती मलाच समजावून सांगायला लागली. "जेवायची सुट्टी हुंदे, पाळी सुटू दे, लाईट जाऊ दे. माग थांबला की मी तिच्याकडं येतीच. अंगावर पीत होती तवापास्नं. चालू असताना मला येता येत न्हाय, ते तिला ठावं हाय. म्हनून रडत न्हाय ती."

मी तिथंच अंगणातल्या धोंड्यावर बसले. माझ्या खोलीत दुसरं दार लागलं की त्या मुलीच्या जगातले सगळे माग थांबत होते. माग थांबले म्हणजे अव्वा येणार. म्हणून ती चपला घालून तयार होऊन उभी राहायची. आणि अव्वा यायची नाही. रोज सकाळी, वाकळांनी मढवलेल्या त्या खोलीत, मी तिची आई हरवत होते.

अण्णा ऑफिसच्या पायरीवर वारा घेत बसले होते. मी जाऊन म्हटलं, "अण्णा, बुजवलेली खिडकी फोडायचीय. आज."

"आं? परवाच बांधली न्हवं?" मी सगळं सांगितलं. ते बुजवलेल्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज बंद करायला तुमाला कोल्लापूरास्नं आणलं, आता तुमीच आवाज मागाय लागलाय. बरं हाय." पण लगेच उठले, फोन लावला, आणि दुपारी चारच्या आत गवंडी हजर.

पहिल्यासारखी खिडकी मला नको होती. तेवढा आवाज आत घेतला असता तर बाकीच्या मुलांचं वाटोळं झालं असतं. जुन्या जागीच, पण खाली, मुलांच्या छातीच्या उंचीवर मी लहान खिडकी घेतली. तिला लाकडी चौकट आणि खाचेत सरकणारी फळी. शुक्रवारी दिवसभर सुतारमामा, बाई आणि मी ती फळी मागेपुढे सरकवत होतो. आवाज कानाला लागता कामा नये, पण थांबला तर मुलाला खेळता खेळता कळलं पाहिजे. वीतभर उघडली तर जास्त व्हायचं. दोन बोटं उघडली तर वाकळा तो पिऊन टाकायच्या. चार बोटांवर जमलं. सुतारमामांनी तिथं पेन्सिलीनं खूण केली.

बाईंनी आईला बजावून ठेवलं, "माग थांबला की पळत यायचं. काय वाट्टेल ते हुंदे. पानी प्यायलाबी थांबायचं न्हाय." अण्णांनी मान्य केलं होतं.

शनिवारी सकाळी आई मुलीला घेऊन आली. रविवारच्या गाडीला नेण्यासाठी कपड्यांची पिशवी भरून झाली होती, तसं तिनं बाईंना सांगितलं. दारात मुलीनं हात हलवला. पहिलं दार लागलं, दुसरं लागलं. मुलगी थांबली. मान वाकडी केली. मी पुलाच्या पलीकडे जमिनीवर बसून होते.

चार बोटांच्या फटीतून खडखड येत होती, लांबची वाटावी अशी. मुलगी आवाजाच्या दिशेनं चालत गेली. खिडकीच्या चौकटीवर तिनं पंजा ठेवला. मागांबरोबर ती चौकट बारीक थरथरत असते. मी आखताना हे धरलं नव्हतं. तिनं दुसरा पंजा ठेवला, मग गाल टेकला. तशीच उभी राहिली. मग वळली, मधल्या जागेत गेली, आणि चपला काढून ओळीत ठेवून आली.

बाईंनी पदर तोंडाला लावला. मी वाळूच्या हौदाकडे बघत राहिले.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. माग थांबले. मुलीनं कांडी खाली ठेवली आणि चपला घातल्या, नेहमीसारख्या उलट्या. दाराकडे तोंड करून उभी राहिली. अंगण पुरतं तीस पावलांचंसुद्धा नाही, पण त्या अर्ध्या मिनिटात मी जितके देव आठवले तितके परीक्षेलाही आठवले नव्हते. आज आई आली नाही तर माझ्या खिडकीला काही अर्थ नव्हता. बाहेरचं दार वाजलं. मग आतलं. केसांत तूस, हाताला सूत चिकटलेलं, धापा टाकत तिची अव्वा आत आली. मुलीनं फक्त हात वर केले.

रविवारची गाडी त्यांना न घेता गेली.

नंतर पावसाळ्यात ती सरकती फळी फुगून अडकायला लागली म्हणून बाईंनी मला बोलावलं. मी रंधा घेऊन खाली बसले होते, तेवढ्यात एक नवी मुलगी आली. दीड-दोन वर्षांची, गेल्याच आठवड्यात कुटुंबाबरोबर बिहारहून आलेली. आई दाराबाहेर गेली आणि तिनं भोकाड पसरलं. बाई उठायच्या आत आमची खांबवाली उठली होती. तिनं त्या पोरीचं मनगट धरलं, तिला ओढत माझ्या शेजारी आणलं, आणि तिचा पंजा चौकटीवर दाबून धरला.

"रडू नगंस," ती तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, कारखान्यात ओरडतात तशी. "माग चालू हायत."

त्या लेकराला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण ती गप्प झाली, आणि हात तिथंच ठेवून उभी राहिली. मी रंधा बाजूला ठेवला. रंधा मारला असता तर चौकट वेगळीच हलली असती.